नावेला भोक पाडताना

"नावेले भोक कोन पाडते बाप्पा?"

डिसेंबरातली सकाळ. मी अंगणात संत्र्याच्या दोन रिकाम्या कॅरेटवर कायाक ठेवून, हातात ड्रिल मशीन घेऊन बसलो होतो. बाबा नुकतेच बागेतून आले होते. प्रश्न बिनतोड होता. चार वर्षं इंजिनिअरिंग आणि सहा वर्षं आयटीत काढूनही मला पटकन उत्तर सुचलं नाही.

तर मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी. दोन वर्षांपूर्वी पुण्यात मला गळ टाकून मासे धरायचं वेड लागलं. मग काठावर बसून कंटाळा आला आणि मी एक सेकंड हँड फिशिंग कायाक घेतली. दहा फूट लांब, प्लास्टिकची, आतून पोकळ. हिच्यात शिरायचं नसतं, वर बसायचं असतं. यंदा संत्री घेऊन पुण्याला आलेल्या एका ओळखीच्या ट्रकवाल्याने परतीच्या फेरीत ती आमच्या शेंदूरजनाघाटला आणून टाकली. सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात संत्री आणि संत्र्यांची कलमं सोडून दुसऱ्या विषयावर सहसा कोणी बोलत नाही. त्यामुळे ही पिवळी वस्तू बघायला अर्धी गल्ली येऊन गेली.

आता तुम्ही म्हणाल, की भोक कशाला? तर रॉड होल्डरसाठी. कायाक वल्हवायला दोन्ही हात लागतात. मग गळाची काठी ठेवायची कुठे? मी सुरुवातीला गुडघ्यात धरायचो. एकदा एक रॉड अशीच पाण्यात गेली, रीलसकट. तेव्हा कळलं, की ही काही चैन नाही.

होल्डर ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिला फ्लश माउंट, म्हणजे डेकमध्ये तिरकी रुतवलेली नळी. स्वस्त आणि मस्त, पण एकदा बसवला की कोन बदलत नाही. हा सीटच्या मागे बसवतात. जाता-येताना रॉड त्यात उभ्या राहतात आणि वल्ह्याच्या आड येत नाहीत. घेताना एक नक्की बघा, नळी खालून बंद आहे ना. काही नळ्या खालून उघड्या असतात, म्हणजे वर पडलेलं पाणी थेट नावेच्या पोटात! दुसरा प्रकार म्हणजे डेकवर स्क्रूने बसवलेला बेस आणि त्यात अडकवायचा होल्डर. हा हवा तसा फिरतो, काम झालं की काढून ठेवता येतो. तिसरा ट्रॅक. अॅल्युमिनियमची पट्टी बसवायची आणि तिच्यावर होल्डर मागेपुढे सरकवायचा. सगळ्यात सोयीचा आणि अर्थातच सगळ्यात महाग.

मोह होतो सहा होल्डर लावायचा. पण माणूस एक, हात दोन. मी मागे दोन फ्लश माउंट आणि पुढे फिरणारा एक, एवढ्यावर थांबलो.

जागा ठरवायची पद्धत सोपी आहे, पण कोणी करत नाही. जमिनीवरच कायाकमध्ये बसायचं, वल्हं हातात घ्यायचं आणि हवेत पाचएक मिनिटं जोरात वल्हवायचं. (गल्लीतली पोरं हसतात. हसू द्यावं.) वल्हं किंवा हाताची मूठ जिथून जाते ती जागा बाद. मग कमरेतून फार न वाकता हात जिथवर पोचतो तिथे चिकटपट्टी लावायची. पाण्यात रॉड घ्यायला मागे वळून ताणलात, की तोल जायची वेळ हमखास तीच असते.

हे सगळं मी बाबांना उत्साहाने सांगत होतो. ते ऐकत होते, पण बघत होते मागच्या फ्लश माउंटकडे. तो मी पुण्यातच बसवला होता. खाली वाकून त्यांनी कडेचं सिलिकॉन नखाने उचकटलं. अख्खी पट्टी सापाच्या कातीसारखी निघून हातात आली.

"हे कोनं लावलं?"

"मी."

"मंग पानी गेलं असन आत."

गेलं होतं. हे मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळच्या एका तलावात तासाभराने कायाक अचानक जड वाटायला लागली. वळताना एका बाजूला कलली, ती सरळ होईचना. आत शिरलेलं पाणी जिकडे झुकाल तिकडे धावतं आणि नावेला आणखी झुकवतं. कसाबसा काठाला आलो. पोटातून बादलीभर पाणी निघालं. लाइफ जॅकेट अंगात होतं, तरी काठावर बराच वेळ नुसता बसून राहिलो.

आणि न सांगण्याचं कारणही होतं. १४ सप्टेंबर २०२१ ला आमच्याच वरूड तालुक्यात, श्रीक्षेत्र झुंजला, वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. त्या दिवसापासून नाव हा शब्द काढला तरी आईचा चेहरा बदलतो. कायाक अंगणात आल्यापासून ती तिच्याकडे न बघता तुळशीला पाणी घालत होती.

मला वाटलं, आता बाबा ओरडणार. ते म्हणाले, "शेततळ्याचा कागद फाटला होता, तं सोल्यूशननं चिपकला होता काय?"

नव्हता. गरम मशीन आणून जोडावा लागला होता. शेततळ्याचा तो काळा कागद म्हणजे पॉलिथिलीन, आणि माझी कायाकही पॉलिथिलीनचीच. या प्लास्टिकला गोंद, सिलिकॉन नीट धरतच नाही. गेली कित्येक वर्षं आमच्या घरात असलेलं हे ज्ञान मी दोन रात्री व्हिडिओ बघूनही मिळवू शकलो नव्हतो!

बाबा गोठ्यात गेले आणि ठिबकच्या सामानाचा डबा घेऊन आले. त्यातून एक काळं रबरी ग्रोमेट काढून माझ्या तळहातावर ठेवलं. संत्र्याच्या बागेत पीव्हीसीच्या पाइपला भोक पाडतात, त्यात हे ग्रोमेट बसवतात आणि त्यात टेकऑफ दाबतात. ना गोंद, ना सिलिकॉन. दाबलेलं रबरच पाणी अडवतं, तेही मोटरच्या प्रेशरला. बाबांनी अशी भोकं किती पाडली असतील याचा हिशोब नाही. "भोकाचा तरास नसते. भोक मापात पाह्यजे, कोर साफ पाह्यजे, आन रबर दबलं पाह्यजे."

मी गळतीनंतर मागवून ठेवलेले वेल-नट त्यांना दाखवले. रबरी नळी, तिच्या टोकाला आत पितळी नट. बोल्ट आवळला की रबर फुगून भोक गच्च भरतं. आतून हात पोचत नाही अशा जागेसाठी हेच बरे. बाबांनी फिरवून पाहिलं. "हे तं ग्रोमेटच हाय."

मग मागचे जुने स्क्रू काढले, त्यांची भोकं वेल-नटच्या मापाची केली, ब्लेडने कडा साफ केल्या, दोन्ही होल्डरच्या खाली रबरी गॅस्केट टाकलं आणि आवळले. मागे रॉड नुसत्या उभ्या असतात, तिथे एवढं पुरतं. पुढच्याचं तसं नाही. गळाला मोठा कटला लागला, की रॉडची तरफ होते आणि सगळा ओढा बेसच्या चार बोल्टवर येतो. तिथे आरपार स्टेनलेसचे बोल्ट, नायलॉक नट आणि डेकच्या आतून जाड पट्टी हवी, म्हणजे जोर पसरतो. म्हणूनच हा बेस गोल हॅचच्या जवळ घेतला, आत हात घालून नट धरता यावा म्हणून.

पण जाड पट्टी आणायची कुठून? पत्रा बाबांना पसंत पडेना, कडा कापतील म्हणाले. आम्ही दोघं विचार करत बसलो होतो, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली आणि पांढरा चॉपिंग बोर्ड आमच्यासमोर ठेवून गेली. मीच दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आणलेला. तिचं विळीवाचून काही अडत नाही, त्यामुळे कोरा करकरीत.

"याच्यानं होत असन तं पाहा," एवढंच म्हणाली.

झालं. बोर्डचा तुकडा कापला, भोकं जुळवली. बाबांनी आतून नट धरले, मी वरून आवळले.

दुपारी पहिली चाचणी शेततळ्यात. शेततळ्याचा कागद निसरडा असतो, पडलेला माणूस आपला आपण वर येत नाही. म्हणून माझ्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक बाबांनी धरलं. तिशीला टेकलेला मुलगा, दोराला बांधलेला! अर्धा तास मी मुद्दाम डावीकडे उजवीकडे कलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याला, अप्पर वर्धा धरणावर गेलो. धरणात मासेमारीचा हक्क सोसायटीकडे असतो, म्हणून आधी तिथल्या लोकांना विचारलं. त्यांनी माझे तीन होल्डर बघून गालात हसत परवानगी दिली. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते रोज माझ्या शंभरपट मासे काढतात. मी काठापासून लांब गेलो नाही. पुढचा होल्डर नीट हाताशी येत होता, वल्हं कुठेच अडलं नाही. कटला काही लागला नाही. दोनदा ओढ बसली, दोन्ही वेळा गळ रिकामा. बाबा काठावर उभेच होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी हॅचचं झाकण उघडलं, आत कोपरापर्यंत हात घालून तळाशी फिरवला आणि बाहेर काढून आईला दाखवला. कोरडा ठणठणीत.

आईने हात बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"बरं. मंग मासोया कुठी हाय?"