उत्तर आलं नाही तर काय समजायचं?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला मी डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स शिकवतो. तोवर मुलांचा प्रोग्रामिंगवर चांगला हात बसलेला असतो, पण तो एकाच मशीनवर. तिथे फंक्शनला कॉल केला की उत्तर येतं, नाहीतर अख्खा प्रोग्राम कोसळतो. नेटवर्कवर दोन मशीन बोलू लागली की तिसरीच गत होते: उत्तर येतच नाही. पलीकडचं मशीन बंद पडलं, विनंती वाटेत हरवली, काम झालं पण पोच आली नाही, की नुसताच उशीर होतोय? वाट पाहणाऱ्याला हे ओळखता येत नाही. माझ्या लेखी सगळा विषय या एका प्रश्नात आहे.

उदाहरण प्रत्येकाच्या खिशात आहे. २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि तेव्हापासून चहाचे पैसे देतानाही दोन बँका आणि मधली एनपीसीआयची यंत्रणा यांचा मेळ बसावा लागतो. कधीतरी स्क्रीनवर ‘पेंडिंग’ येतं आणि तिथेच अडकतं. काय करायचं, असं विचारलं की बहुतेक मुलं म्हणतात, पुन्हा पाठवायचं. पण पहिल्याच वेळी पैसे वळते झाले असतील तर? म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो. त्याच क्रमांकाची विनंती दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरने पैसे न हलवता आधीचाच निकाल कळवायचा. आपण घाईने नव्याने पैसे पाठवतो तेव्हा मात्र क्रमांकही नवा असतो, आणि तो व्यवहार खरोखरच दुसरा असतो.

फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं, की निरोपाला लागणाऱ्या वेळेवर काही मर्यादाच नसेल तर ठरावीक नियमांनी चालणाऱ्या मशीनचं एकमत होईलच याची खात्री देता येत नाही. त्यातलं एखादं बंद पडू शकतं, एवढंच पुरतं. मुलं हे ऐकून हिरमुसतात. मग मी राफ्टकडे वळतो. स्टॅनफर्डच्या ऑन्गारो आणि आउस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये मांडलेली एकमत घडवण्याची ही पद्धत समजायला सोपी असावी याच हेतूने रचलेली आहे. त्यांनी ४३ विद्यार्थ्यांना राफ्ट आणि आधीची पॅक्सॉस अशा दोन्ही पद्धती शिकवून चाचणी घेतली. ३३ जणांना राफ्टमध्ये जास्त गुण मिळाले. समजणं हाही रचनेचा निकष असू शकतो, याचं मला फार अप्रूप आहे.

प्रयोगशाळेत राफ्ट चालवणारे पाच सर्व्हर असतात. तिघांचं बहुमत झालं की नेता ठरतो, त्यामुळे दोन बंद पडले तरी काम चालतं. नेत्याची खबर आली नाही की किती वेळाने उमेदवारी करायची, ही मुदत सगळ्यांना सारखीच ठेवली तर सगळे एकदम उभे राहतात, प्रत्येक जण स्वतःलाच मत देतो आणि निवडणूक फसत राहते. १५० ते ३०० मिलिसेकंदांमधली कोणतीही मुदत ज्याने त्याने चिठ्ठी उचलल्यासारखी घेतली की कोंडी सुटते.

खरी कसोटी डिस्कपाशी लागते. मत दिल्याची नोंद डिस्कवर लिहून मगच उत्तर पाठवायचं असतं. त्यात वेळ जातो, म्हणून वेग वाढवायला हुशार मुलं नेमकी तीच ओळ काढतात. चाचण्या पास होतात. ‘‘सर, दुप्पट वेगाने चालतंय!’’ मग मी एक सर्व्हर मत दिल्या-दिल्या मारतो आणि पुन्हा सुरू करतो. तो आपलं मत विसरलेला असतो, त्याच फेरीत दुसऱ्यालाही मत देतो, आणि एकाच फेरीत दोन नेते उभे राहतात. वेग हवाच असेल तर बऱ्याच नोंदी एकत्र करून एकदाच लिहाव्यात. लिहिणं टाळू नये.

सुरक्षेचा भाग याहून कठीण. राफ्टमध्ये सर्व्हर बंद पडतो, खोटं बोलत नाही. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की डिजिटल सह्यांचा आधार नसेल तर एका लबाडासाठी एकूण चार सर्व्हर लागतात. तिघांत निभत नाही.

तोंडी परीक्षेला मी व्याख्या विचारत नाही. पाच सर्व्हरचे लॉग समोर ठेवतो आणि विचारतो: तिसऱ्याकडून उत्तर आलेलं नाही, आता कोणती गोष्ट तू खात्रीने सांगू शकतोस?