थोडं थोडं सगळं की एकच, पण पक्कं?

‘तुझा नेमका विषय कोणता गं?’ हा प्रश्न आला की फ्रीलान्स पत्रकाराची पंचाईत होते. मास कॉमनंतर मी फॅशन, फूड, सिनेमा, शेअर बाजार सगळ्यावर लिहिलंय. फोटो काढते, व्हिडिओ एडिट करते. कामं मिळतात. पण महिनाभराची मोठी असाइनमेंट निघाली की संपादकांना आठवतो त्या विषयातला पक्का माणूस. मी नाही!

करिअर गुरू इंग्रजी ‘टी’ अक्षराचा फंडा सांगतात. आडवी रेघ म्हणजे बरंच काही थोडं थोडं, उभी रेघ म्हणजे एकच, पण खोल. मस्त! पण दोन्हींचा मेळ घालायचा कसा?

माझं घर भिंगारचं. जवळच नगरचा भुईकोट किल्ला. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ या काळात नेहरू तिथे कैदेत होते. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये त्यांनी तिथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. इतिहास, तत्त्वज्ञान, राजकारण सगळं एका पुस्तकात. आडव्या रेघेचा बादशहाच म्हणा ना! पण प्रस्तावना वाचा. सोबतच्या अकरा राजबंद्यांचं ऋण ते मानतात. मौलाना आझाद अरबी-फारसीचे पंडित, आचार्य नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानाचे. शंका आली की जाणकार शेजारीच.

अर्थात, जाणकार शेजारी असून भागत नाही. त्याला काय विचारायचं, हेही कळावं लागतं. नेहरूंना ते कळत होतं, कारण १९३० ते १९३३ मध्ये तुरुंगातूनच इंदिरेला पत्रं लिहिताना ते जगाच्या इतिहासात बुडालेले होते. आडव्या रेघेखाली उभी रेघ आधीच तयार होती.

म्हणून मी एक विषय धरलाय : पाणी. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण दुष्काळाशी ओळख जुनीच. पाण्याचा ताळेबंद मांडणारं हिवरे बाजारही इथलंच. आठवड्याचे दोन दिवस मी भूजलाचे अहवाल वाचते, विहिरींच्या पातळीच्या नोंदी समजून घेते. त्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे महिनाअखेरीला टेन्शन असतंच. फॅशन-फूड सोडलेलं नाही. घरभाडं त्यातूनच निघतं.

तुम्हीही नव्या कोर्सची फी भरण्याआधी एकदा बघा, तो तुमच्या कुठल्या रेघेत बसतो. माझ्यापुरता फरक एवढाच पडलाय : भूजलातल्या जाणकाराला फोन केला की हल्ली माझे प्रश्न छोटे असतात, आणि त्यांची उत्तरं लांबलचक.