काळी चार

आमच्या घरात दोन म्हातारी माणसे आणि एक म्हातारा संगणक राहतो. तिघांचेही चालणे आताशा सावकाश झाले आहे. सकाळी बटण दाबावे, चहा टाकावा, वर्तमानपत्राचे पहिले पान वाचून काढावे, तेव्हा कुठे त्याचा पडदा उजळतो. मुलाने तो २०१० साली घेतला आणि नोकरीसाठी बंगळूरला जाताना आमच्या हवाली केला. "बाबा, तो आता भंगारात द्या," असे तो दर दिवाळीला सांगतो. मी देत नाही. मंद झाला म्हणून एकेकाला भंगारात काढायचे ठरवले, तर आमच्या आळीत फारसे कोणी उरणार नाही.

मी रेल्वेतला माणूस. छत्तीस वर्षे गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपण्यात गेली. निवृत्त झालो तरी ती खोड गेलेली नाही. दूध किती वाजता आले, नळ किती वाजता गेला, हे सारे माझ्या वहीत असते. आमची सौभाग्यवती ह्या वहीची यथेच्छ थट्टा करते. पुढे ह्या वहीचे काम पडणार आहे, म्हणून तिची ओळख आधीच करून ठेवतो.

हिचे माहेर मिरजेचे. तंबोऱ्यांचे गाव ते. वाळत घातलेले मोठमोठे भोपळे आणि दुकानातून दिवसभर चालणारी तारांची छेडछाड ह्यांच्या शेजारी ती वाढली. लग्नाआधी गाणे शिकत होती. पुढे माझ्या बदल्या, मुलाची शाळा, आईचे आजारपण ह्यांत तिचे गाणे बैठकीतून स्वयंपाकघरात गेले. पण बंद पडले नाही. काळी चार ही तिची पट्टी. भाकरी थापताना, निवडणे-टिपणे करताना ती त्या पट्टीत काही ना काही गुणगुणत असे. त्या आवाजाची मला इतकी सवय झालेली, की तो ऐकू येतो आहे हेही माझ्या ध्यानात येत नसे.

यंदाच्या उन्हाळ्यात सहा वर्षांच्या नातीने फोनवर हट्ट धरला. "आजी, तू मला झोपवताना म्हणतेस ती सगळी गाणी पाठव." आजी विरघळली. दिवाळीपर्यंत बारा गाणी मुद्रित करून पाठवायची असे ठरले. मुलाने एक मायक्रोफोन आणि तो संगणकाला जोडायची एक लहानशी डबी धाडून दिली. ध्वनिमुद्रणाची प्रणाली संगणकात होतीच. आता अवघड ते काय राहिले, असे मला वाटले.

अवघड होते ते आवाजाचेच. स्पीकर लावताच त्यातून एक अखंड घुमघुमाट येऊ लागला. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. तिचाच तो खर्ज. संगणकाची पिन एका भिंतीत आणि स्पीकरची दुसऱ्या भिंतीत, त्यामुळे दोन वाटांच्या मध्ये विजेचे एक वेटोळे तयार झाले होते. दोन्ही पिना एकाच बोर्डावर आणल्या आणि घुमघुमाट थांबला.

मग चरचर सुरू झाली. गाण्याच्या मध्येच कढईत पाण्याचा थेंब पडावा तसा आवाज. ह्याचे कारण शेजारच्या इंजिनिअर मुलाने मला फार सुरेख समजावले. "काका, डबीतून आवाजाची धार अखंड पडत असते. तिच्याखाली एक रांजण आहे, त्याला बफर म्हणतात. संगणक तांब्यातांब्याने तो उपसतो. तुमचा संगणक म्हातारा. मध्येच दुसऱ्या कामाला गेला की रांजण भरून सांडतो. सांडलेला आवाज गेला. ती फट म्हणजे ही चरचर." उपायही त्याच्यातच होता. रांजण मोठा करायचा. १२८ होता तो १०२४ चा केला, संगणकाची बाकीची कामे बंद केली, चरचर गेली.

पण मोठा रांजण भरायलाही वेळ लागतो. सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग. पण आवाज आत जाताना एकदा आणि हेडफोनमधून परत येताना एकदा, असा तो दोनदा मोजायचा. दोन ओळी म्हणून हिने हेडफोन काढून ठेवला. म्हणाली, "माझ्यामागून कोणी दुसरीच बाई गाते आहे. मी तिच्यासाठी थांबू का पुढे जाऊ?" तेव्हा हेडफोन दूर केला. शेजारी तंबोऱ्याची विजेवर चालणारी पेटी लावायची आणि मोकळ्या कानाने गायचे, असे ठरले.

जुलैतल्या एका संध्याकाळी पहिला अभंग मुद्रित झाला. माझ्या वहीत नोंद आहे : आरंभ ५.१०, समाप्त ५.२०. हिने डोळे मिटून म्हटला. मी शेजारी बसून घड्याळाकडे आणि पडद्यावरच्या हिरव्या रेघांकडे पाहत होतो.

मग आम्ही दोघे ऐकायला बसलो. घुमघुमाट नाही, चरचर नाही. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिले. ती मान खाली घालून ऐकत होती. आवाज स्वच्छ होता, सुरात होता. पण पातळ, चिरका आणि घाईत असलेला. शेवटपर्यंत ऐकून तिने विचारले, "असा झालाय का हो माझा आवाज?"

वास्तविक ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते. मी तो आवाज गेली चव्वेचाळीस वर्षे ऐकत आलो होतो; त्या दिवशी सकाळीही ऐकला होता. पण समोर यंत्राने आपली साक्ष मांडली होती. मी समजूतदारपणे म्हणालो, "अगं, वयोमानाप्रमाणे आवाज बदलायचाच."

ती काही बोलली नाही. तंबोऱ्याच्या पेटीवर तिने फडके घातले आणि कुकर लावायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून आमचे स्वयंपाकघर मुके झाले. आधी मला कळलेच नाही. काहीतरी चुकते आहे एवढेच वाटे. जसे रात्रीच्या गाडीत चाकांचा ठेका थांबला की झोपलेला माणूस जागा होतो. गणपतीत आरतीला ती टाळ्या वाजवीत उभी राहिली. ओठ तेवढे हलत होते. नातीचा फोन आला की "घसा बसलाय गं," म्हणे. मला अपराधी वाटत होते. पण चूक सापडत नव्हती. खरे बोललो हीच चूक, असे मी स्वतःला समजावीत होतो.

सप्टेंबरात एके दुपारी मुलाला निदान तेवढा एक अभंग पाठवून द्यावा म्हणून संगणक लावला. गाण्याच्या नावापुढे त्याची लांबी लिहिलेली होती : ९ मिनिटे ११ सेकंद. माझा हात सहज वहीकडे गेला. आरंभ ५.१०, समाप्त ५.२०. दहा मिनिटांची गाडी एकोणपन्नास सेकंद आधी पोचली होती! छत्तीस वर्षांच्या नोकरीत गाड्या उशिरा आलेल्या मी पुष्कळ पाहिल्या. पण मध्ये कोठेही न तुटता, एकही स्टेशन न गाळता, एवढी आधी आलेली गाडी पाहिली नव्हती.

मी शेजारच्या मुलाला हाक मारली. त्याने दोन आकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. संगणक आवाज साठवतो तो सेकंदाचे हजारो तुकडे करून. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० तुकडे हे माप ठरले. चित्रपट आणि व्हिडिओच्या धंद्यात ४८,००० चे माप चालते. आमच्या प्रणालीने डबीजवळ ४८,००० मागितले. संगणक आणि डबी ह्यांच्यामधला दुभाषा जुना. त्याने "हो" म्हणून मान डोलावली आणि ४४,१०० नेच माल पाठवला. प्रणालीने मोजून पाहिले नाही. मालावर ४८,००० चा शिक्का मारला आणि त्याच हिशेबाने गाणे वाजवले. दहा मिनिटे म्हणजे सहाशे सेकंद. त्यांना ४४,१०० ने गुणून ४८,००० ने भागले की येतात ५५१. बरोबर नऊ मिनिटे अकरा सेकंद!

आणि जे गाणे वेगाने वाजते ते वरही चढते. मी जुनी बाजाची पेटी काढली. मुद्रणातल्या तंबोऱ्याचा षड्ज काळी चारवर असायला हवा होता. तेथे तो नव्हता. पांढरी सहावर पाहिला, नव्हता. काळी पाचवर पाहिला, तेथेही नव्हता. पांढरी सहा आणि काळी पाच ह्यांच्या मधोमध, पेटीत जेथे पट्टीच नाही अशा जागी तो जाऊन बसला होता. म्हणजे जवळजवळ दीड पट्टी वर. तंबोरा आणि गाणारी दोघेही सारखेच चढल्यामुळे बेसूर काहीच नव्हते आणि म्हणूनच कोणाला संशय आला नाही. एकजण खोटे बोलला तर पकडला जातो. सगळे मिळून तेच खोटे बोलू लागले, की ऐकणाऱ्यालाच स्वतःविषयी शंका येते.

ही तऱ्हा आजची नव्हे. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या काळच्या तबकड्या मिनिटाला नेमके अठ्ठ्याहत्तर फेरे घेत नसत. कोणी सत्तर, कोणी पंचाहत्तर, कोणी ऐंशी. त्या सगळ्या पुढे लोकांनी अठ्ठ्याहत्तरवर वाजवल्या. बहात्तरवर मुद्रित केलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरवर लावली, तर गाणारा आमच्या हिच्याइतकाच वर चढतो. "ह्यांचा आवाज जरा पातळच होता" असे किती गुणी माणसांविषयी किती जणांनी शांतपणे म्हटले असेल! बिचाऱ्यांना उठून सांगता येत नाही, की आवाज आमचा नाही, वेग तुमचा आहे.

दुरुस्ती मात्र एका आकड्याची होती. ४८,००० च्या जागी ४४,१०० लिहिले. गाण्याचा एक तुकडाही हलला नाही. लांबी दहा मिनिटे झाली. मी हिला हाक मारली. ती पदराला हात पुशीत दारातच उभी राहिली. गाणे सुरू झाले. तोच भरीव, किंचित जड, विसावत जाणारा आवाज. काळी चार. मी पेटीची पट्टी दाबून दाखवली. पण तिला त्याची गरज नव्हती.

दहा मिनिटे ती उभीच होती. मी तिला ४४,१०० आणि ४८,००० चा सगळा हिशेब सांगितला. तो तिने नीट ऐकून घेतला. मग म्हणाली, "यंत्राचं जाऊ द्या. त्याने मला कधी ऐकलं नव्हतं. पण तुम्ही तर रोज ऐकत होतात ना?"

ह्याला माझ्या वहीत उत्तर नव्हते.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवर कानस चालवतो. पण आधी तार छेडून ऐकतो, पुन्हा ऐकतो, मग एकदा घासतो. आधी कान, मग कानस, असे ही सांगत असे. मी त्या उन्हाळ्यात घुमघुमाट ऐकला, चरचर ऐकली, सेकंदाचा पन्नासावा भाग पकडला. जे ऐकायला बसलो होतो तेवढे ऐकायचे राहिले.

वसुबारसेपर्यंत अकरा गाणी झाली. बाराव्याला आमच्या घरचा फराळ आडवा आला. परवा ही सोऱ्याने चकल्या पाडीत होती आणि पाडता पाडता नातीची ती बारावी अंगाई आपोआप सुरू झाली. मी मायक्रोफोन आणायला उठलो; दारापर्यंत गेलो आणि परत येऊन पाटावर बसलो.

"का हो, आणत नाही?" तिने न थांबता खुणेनेच विचारले.

"उद्या आणीन," मी म्हणालो. त्या दिवशीची वेळ वहीत नाही.