फोटो नाही

दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये युनिटच्या फायरिंग स्पर्धेला घरच्यांना बोलावलं आणि पाहुण्यांची जबाबदारी माझ्यावर आली. नियम दोन: लाल झेंडा वर असेपर्यंत दोरी ओलांडायची नाही, मोबाईल गेटवर जमा. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधलेल्या तुघलकाबादच्या रेंजवर स्पर्धेचे कॅमेरे चालतात, आमच्याकडे नाही.

एका जवानाचे वडील साताऱ्याहून आले होते. "साहेब, पोराचा एकच फोटो. म्हातारीला दाखवीन."

एका फोटोत चेहरे, गाड्यांचे नंबर, मागची इमारत, सगळंच बाहेर जातं. "नाही जमणार, काका," म्हणालो. घास अडकावा तसं झालं.

झेंडा उतरला, रायफली तपासून झाल्या. पोरानं टार्गेटचा कागद वडिलांना दिला. गेटवर मोबाईल परत घ्यायचं विसरून काका भोकं मोजत उभे होते.