मखमलीचा झगा आणि नऊवारी

भारतातून पाहुणे आले की आपण आयर्लंडमधली मराठी माणसं त्यांना ज्या ठरावीक ठिकाणी नेतो, त्यांत काउंटी क्लेअरमधला बनरॅटीचा किल्ला हमखास असतो. शॅनन विमानतळाजवळच्या या पंधराव्या शतकातल्या किल्ल्यात १९६३ साली 'मध्ययुगीन मेजवानी' सुरू झाली. लांब मखमली झगे घातलेल्या तरुणी गातात, हार्प वाजवतात. जेवायला एक सुरी मिळते, बाकी सगळं हातानं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "हातानं जेवायला एवढे पैसे?"

माझ्या लेकीचं लक्ष मात्र त्या झग्यांवर. हट्टच धरला, तेव्हा गडद हिरव्या मखमलीचा एक शिवून दिला. रुंद बाह्या, पाठीला बंद, सगळं हुबेहूब. तो घालून आरशापुढे उभी राहिली आणि विचारते, "आई, त्या काळी इथल्या बायका खरंच असं घालायच्या?"

प्रश्न साधा, पण उत्तर शोधताना मीच त्यात गुंतले. त्या काळी मखमल रेशमाची असे. विणताना जादा उभे धागे तारेवरून घेऊन फासे करायचे आणि ते कापून लव काढायची. त्यामुळे रेशीम भरपूर लागे. व्हेनिस, फ्लॉरेन्स, जिनोआ इथून येणारं हे कापड सरदार-दरकदारांनाच परवडायचं.

साध्या बाईच्या कपड्याचा पुरावा त्याच क्लेअरमध्ये, मॉय इथल्या बॉगमध्ये १९३१ साली सापडला. कळ्या घालून शिवलेला लोकरीचा झगा, साधारण चौदाव्या-पंधराव्या शतकातला मानतात. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे तो आहे. बॉगच्या आंबट, हवा न लागणाऱ्या ओल्या मातीत लोकर टिकते, पण लिनन विरून जातं.

आणि आयरिश लोकांचा खास पोशाख तर लिननचाच! 'लेने' म्हणजे घोळदार बाह्यांचा, चुण्याचुण्यांचा सदरा, बहुधा केशरी रंगाचा. १५३७ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत कायदा झाला: केशरी रंगवलेला सदरा घालायचा नाही आणि एका सदऱ्याला सात वारांहून जास्त कापड लावायचं नाही. सात वार! त्या हिशेबानं आपली नऊवारी नेसणारी प्रत्येक आजी गुन्हेगार ठरली असती. कायद्यानं एका दिवसात काही झालं नाही, पण लढाया झाल्या, राज्य बदललं, आणि लेने अंगावरून गेला. आता तो कसा होता हे समजायला १५२१ सालच्या ड्यूररच्या चित्रासारखे कागद चाळावे लागतात.

ही रिकामी जागा मग एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी आणि नाटकवाल्यांनी आपल्या मनातल्या मध्ययुगानं भरली. आजचे मखमली झगे बरेचसे त्यांच्याच वंशातले. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या देवघरातली लक्ष्मी तरी राजा रविवर्म्यानं नेसवलेल्या साडीतच उभी आहे की!

"म्हणजे माझा ड्रेस खोटा?" लेकीनं विचारलं. मी म्हटलं, "खोटा कशाला? हौसेचा आहे."

पण मला तेव्हापासून वेगळीच काळजी लागली आहे. आपल्या गणपतीत मुली शिवलेली नऊवारी घालतात, परकरासारखी चढवली की झालं. तीही हौसच, माझी काही तक्रार नाही. पण आयरिश लोकांना जे चित्रांतून आणि चिखलातून शोधावं लागतं, ते आपल्याकडे अजून चालतंबोलतं आहे. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. एकही पिन न लावता पाच मिनिटांत निऱ्या, ओचा, कासोटा करून मोकळ्या होतात. आपल्या मंडळात असं नेसता येणाऱ्या आता बोटांवर मोजण्याइतक्याच. हे विसरायला कुठल्या राजाच्या कायद्याचीही गरज नाही. मुलींनी विचारलं नाही, की झालं.

म्हणून एक सुचवते. गणपतीआधी एक दुपार ठरवू या. भारतातून आलेल्या आज्या शिकवतील, मुली शिकतील, चहा-पोहे आमच्याकडे. माझी लेक तयार आहे, पण तिची एक अट आहे: कासोटा सुटला तर कुणी हसायचं नाही.