उत्तरकृतीचा अधिकार

दीर्घकाळ चाललेल्या चित्रपटमालिका आणि खेळमालिका पुढे चालू ठेवाव्यात काय, हा प्रश्न बहुधा कंटाळ्याच्या भाषेत विचारला जातो. पहिला भाग उत्तम, दुसरा बरा, तिसऱ्यापासून निव्वळ धंदा, असे ते परिचित गणित. समीक्षेला त्याचा फारसा उपयोग नाही. भवभूतीने 'महावीरचरिता'त रामाला राज्याभिषेक करून कथा संपविली होती. तरीही त्याने 'उत्तररामचरित' लिहिले, आणि रसिकांनी श्रेष्ठत्व दिले ते या दुसऱ्या नाटकाला. तेव्हा मुद्दा भागांच्या संख्येचा नसून, आधीच्या कृतीने केलेल्या शेवटाशी नंतरची कृती कोणते नाते जोडते, याचा आहे.

जपानी 'गॉडझिला'मालेत हे नाते विशेष स्पष्टपणे तपासता येते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी येथे केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीत एक जपानी मासेमारी नौका किरणोत्सारी राखेखाली सापडली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' प्रदर्शित झाला. त्यातील शास्त्रज्ञ सेरिझावा याच्यापाशी पाण्यातील प्राणवायू नष्ट करणारे अस्त्र आहे. प्राण्याला मारावयाचे तर ते वापरणे भाग. आणि एकदा वापरले की राज्यकर्ते ते पुन्हा मागणारच. म्हणून तो आपली टिपणे जाळतो आणि प्राण्याबरोबर स्वतःही समुद्रतळाशी मरण पत्करतो. त्या अस्त्राचा 'पुढील भाग' निघू नये, यासाठी दिलेला हा प्राण आहे. पण अखेरचा शब्द सेरिझावाचा नाही. चाचण्या चालूच राहिल्या तर असाच दुसरा प्राणी कोठेतरी प्रकट होईल, अशी शंका वृद्ध शास्त्रज्ञ यामाने बोलून दाखवितो.

म्हणजे उत्तरकृतीची शक्यता मूळ संहितेतच होती, मात्र भयाच्या रूपाने. तोहो कंपनीने सहा महिन्यांच्या आत, एप्रिल १९५५ मध्ये, त्या भयाचे आश्वासन करून टाकले. दुसऱ्या चित्रपटात यामाने पुन्हा येतो, पहिल्या प्राण्याची चित्रफीत दाखवितो आणि सेरिझावाबरोबर ते अस्त्रही गेल्यामुळे आता उपाय नाही, असे सांगतो. जी नैतिक कृती होती ती कथानकाची सोयीस्कर अडचण झाली. येथेच खरी हानी आहे. १९६२ मधील किंगकाँगशी झुंज किंवा पुढे त्या प्राण्याचे बालगोपाळांचा कैवारी होणे, हा केवळ तिचा विस्तार. (मुलांचे त्यात काही बिघडले नाही. भयाचे बिघडले.)

शेवटाला धक्का न लावताही मालिका चालविता येते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'फायनल फँटसी' या खेळाचा सोळावा भाग २०२३ मध्ये आला. नावातील 'अंतिम' हा शब्द केव्हाच विनोदी ठरला आहे. तथापि मुख्य मालिकेत बहुधा प्रत्येक क्रमांकाला नवे जग आणि नवी पात्रे असतात. टिकून राहतात ते संकेत. कीर्तनात आख्यान बदलावे आणि पूर्वरंगाची रीत तीच राहावी, तसे काहीसे. गॉडझिलामालेनेही १९८४ मध्ये मधले सर्व चित्रपट बाजूस सारून थेट १९५४ शी नाते सांगितले.

त्यातून १९९५ चा चित्रपट निघाला. त्यातील नवा राक्षस सेरिझावाच्या अस्त्राच्याच परिणामातून जन्मतो, आणि मूळ चित्रपटातील एमिको, तीच अभिनेत्री मोमोको कोची, चाळीस वर्षांनी वृद्ध होऊन परतते. कलाकृती म्हणून हा चित्रपट ओबडधोबड आहे. पण ज्या बलिदानाने प्रश्न मिटला असे मानले गेले होते त्याचाच हिशेब तो मागतो, आणि १९५५ ला जे सुचले नाही ते त्याला सुचते.

ताकाशी यामाझाकी यांचा 'गॉडझिला मायनस वन' (२०२३) याहून पुढे जातो. यात आत्मघातकी हल्ला टाळून जिवंत परतलेला वैमानिक नायक आहे. प्राण्याशी लढण्यासाठी जमलेले माजी नौसैनिक ठरवितात की, या वेळी कोणी मरावयाचे नाही. नायक स्फोटकांनी भरलेले विमान प्राण्याच्या जबड्यात घालतो, पण त्या विमानात सुटकेचे आसन बसविलेले असते. सेरिझावाच्या मरणाला एकोणसत्तर वर्षांनी दिलेले हे उत्तर आहे, आणि मूळ कृतीवरील टीकाही. एवढे करून चित्रपट शेवटी समुद्रतळ दाखवितो: प्राण्याच्या मांसाचा एक तुकडा तेथे पुन्हा वाढू लागला आहे. ही यामानेची शंका की निर्मात्यांची तरतूद, हे त्या चौकटीवरून सांगता येत नाही.