तिसरा दगड

लातूरचा विमानतळ मी संगणकावर उभा केला, त्याला आता बरीच वर्षं झाली. चिंचोलीराववाडीजवळची ती धावपट्टी, तिच्या टोकाचे पांढरे पट्टे, विमानं उभी राहतात ते फरसबंद पटांगण, कुंपणाबाहेरचा रस्ता. फ्लाइट सिम्युलेटरवर उडणारी मंडळी तिथे उतरतात आणि कधीमधी कुणीतरी विचारतं, इतकं जागच्या जागी बसवायला शिकलात कुठे? सॉफ्टवेअर ज्यांच्यामुळे हाती आलं त्यांची नावं मी आनंदाने सांगतो. पण जागच्या जागी बसवणं मी शिकलो ते माझ्या गावच्या, माकणीच्या आबांकडून. त्यांचं हे ऋण कधीतरी नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

आबा माझे सख्खे कुणी नव्हते. आमच्या आणि त्यांच्या घराची मधली भिंत एक, एवढंच नातं. मोजणी खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. तालुक्यात कुठेही बांधाचं भांडण लागलं की मोजणीदार म्हणून आबांना बोलावणं यायचं.

सिम्युलेटरसाठी विमानतळ आखायचा हा उद्योग ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिम्युलेटरमध्ये जगभरचे हजारो विमानतळ असतात. मुंबई, दिल्लीसारखे मोठे विमानतळ निगुतीने केलेले असतात. लहान ठिकाणी मात्र पुष्कळदा नुसती एक करडी पट्टी आणि तिच्यावर आकडा. बाकीचं आमच्यासारखे हौशी लोक भरतात. विमानतळ आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला पडदा कोरा असतो, फक्त अक्षांश-रेखांश धावत असतात. त्या कोऱ्या पडद्याखाली वरून घेतलेला, म्हणजे उपग्रहातून किंवा विमानातून टिपलेला फोटो अंथरायचा, तो अर्धा फिका करायचा आणि त्याच्यावरून धावपट्टी, टॅक्सीवे, पार्किंगच्या जागा गिरवायच्या. आखणी पुरी झाली की फोटो काढून घ्यायचा. तयार फाइलमध्ये तो जात नाही आणि जाऊही नये, कारण त्याच्यावर हक्क दुसऱ्याचा असतो.

ऐकायला सोपं वाटतं. खरी मेख फोटो अंथरण्यात आहे. त्याच्या चारही कडांचे अक्षांश-रेखांश सॉफ्टवेअरला द्यावे लागतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, हे कुठेही गेलं तरी जवळपास तेवढंच. रेखांशाचं तसं नाही. विषुववृत्तापासून दूर जावं तसा रेखांशाचा अंश आखडत जातो. माकणी, लातूर, सोलापूर हा आपला पट्टा १८ अंशांच्या आसपासचा. इथे तो १०६ किलोमीटरांच्या आत येतो. म्हणजे पाच टक्क्यांचा फरक. दोन्ही अंश सारखेच धरून फोटो अंथरला तर पूर्व-पश्चिम जाणाऱ्या दोन किलोमीटरच्या धावपट्टीत शंभर मीटरचा घोळ होतो. पडद्यावर सगळं झकास दिसत असतं. विमानाची चाकं मात्र गवतात टेकतात.

याच्यावर आबांचा तोडगा फार जुना आणि फार सोपा होता. "दोन दगडावर कुठलाबी नकाशा बसतो," ते म्हणायचे. "तिसरा दगड धर. त्यो बसला तर खरं."

त्यांच्या हाताखाली मी साखळी धरली ती शाळेच्या सुट्ट्यांत. तेव्हा खात्यात टेप आले होते, तरी आबा मला जुन्या साखळीचा हिशोब समजावून सांगत. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळीला झोल पडू द्यायचा नाही, नाहीतर कुणाचं तरी रान जातं. आधी गाव नकाशा उघडायचा, मग नकाशातला एक हद्दीचा दगड रानात शोधायचा, मग दुसरा. दुसरा सापडला की बाकीच्यांना घाई व्हायची. शेतकरी उन्हात उभे, चहा निवत चाललेला. आबा तिसरा दगड सापडेपर्यंत जागचे हलत नसत. कधी तो बांधावरच्या बोरीखाली गाडलेला असायचा, कधी कुणी घराच्या पायरीला नेऊन लावलेला असायचा. पायरीला लावलेला दगड ते धरत नसत. हललेली खूण ही खूणच नव्हे, असा त्यांचा दंडक होता.

त्या दंडकाची किंमत मला ३० सप्टेंबर १९९३ नंतर कळली. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर ही आमच्या शेजारची गावं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची धाब्याची छतं, झोपेतली हजारो माणसं त्यांच्याखाली गेली. आमच्या गल्लीतल्या भिंती पडल्या, आमची माणसं राहिली. पुढे कितीतरी महिने पंचनामे, नवी गावठाणं, प्लॉटची आखणी हेच चाललं. घर कुठे होतं, अंगण कुठे संपत होतं, चुलत्याची भिंत कुठून सुरू होत होती, हे विचारायला माणसं आबांकडे येत. ढिगाऱ्यात कोपरा सापडणार कसा? आबा त्यांना गावाबाहेर नेत. शिवेवरचा दगड, विहिरीचा कठडा, जुन्या पुलाचं तोंड, जे हललं नव्हतं तिथून मोजत मोजत आत येत आणि सांगत, "हितं तुमचा उंबरा." एक म्हातारी त्या जागी बसून राहिली होती. आबा मापं वहीत लिहीत राहिले आणि ती उठेपर्यंत पुढच्या घराला त्यांनी हात लावला नाही. मी तेव्हा लहान होतो. मोजणी हे माणसाच्या किती जवळचं काम आहे, ते मी तिथे पाहिलं.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसली. वरून घेतलेल्या फोटोत ती लगेच ओळखू येतात. सरळ रेषेतले रस्ते, सारख्या अंतरावरची घरं. जुनं गावठाण शेजारी कुठेतरी झाडोऱ्यात असतं. हा भाग पडद्यावर उघडला की माझी नजर आधी तिकडे जाते.

सिम्युलेटरचा नाद मला लागला तो कॉलेजात. नोकरी लागल्यावर लॅपटॉप घेऊन मी माकणीला गेलो आणि आबांना आमचं धरण वरून दाखवलं. तेरणेवरचा निम्न तेरणा प्रकल्प, मातीचा तो लांबच लांब बांध, मागे पसरलेलं पाणी. मला वाटलं होतं, आबा आधी आपलं घर शोधतील. त्यांनी विचारलं, "उत्तर कुठं हाय?" मग विचारलं, "फोटू कवाचा?"

या दोन प्रश्नांवर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. मी धरणाच्या पाण्याची कड धरून फोटो बसवायला निघालो होतो, कारण ती ठळक दिसत होती. आबांनी बोट उचलून बांधाच्या टोकावर ठेवलं. पाणी श्रावणात एकीकडे, वैशाखात दुसरीकडे. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या धरणांच्या कडा कुठल्या कुठे गेल्या होत्या. आबांनी बोट ठेवलं त्या दिवसापासून बांधाचं टोक, पुलाचा कोपरा, दोन डांबरी रस्त्यांचा छेद असंच काहीतरी मी खूण म्हणून धरतो. झाड, पाण्याची कड, वावराची हद्द धरत नाही.

आणि सावली. आबा उभ्या उन्हात सावलीवरून वेळ सांगत, ती नजर मी फोटोला लावली. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेला पडते. हिवाळ्यातल्या सकाळच्या फोटोत ती वायव्येला लांब जाते. सावलीची दिशा पाहिली की फोटो कोणत्या हंगामातला याचा अदमास येतो. त्याच फोटोत एखाद्या वस्तूची उंची ठाऊक असली, तर तिच्या सावलीशी ताडून सपाट जमिनीवरच्या बाकीच्यांची उंची काढता येते. उंच इमारत फोटोत कलंडलेली दिसते, कारण कॅमेरा नेमका डोक्यावर नसतो. तिचं छप्पर सोडून पायथा गिरवायचा असतो.

फोटो कवाचा, या प्रश्नाचं मोल सोलापूरला कळतं. विमानतळाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली. जुना फोटो घेतलात तर ती सावलीसकट हजर असते. त्या फोटोवरून आजचं सोलापूर उभारणारा माणूस नसलेली चिमणी वैमानिकापुढे उभी करतो. ज्यांचं पोट त्या कारखान्यावर होतं त्यांच्यासाठी ती चिमणी काय होती, हे मला कळतं. पण उतरणाऱ्या विमानाला आजचीच जमीन दाखवली पाहिजे.

तिसऱ्या दगडाची गंमत अशी की विमानतळ तो स्वतःच्या अंगावर रंगवून ठेवतो. धावपट्टीच्या टोकाला लांबट पांढरे पट्टे असतात, त्यांची संख्या रुंदीवर ठरते. १८ मीटर रुंदीला चार, २३ ला सहा, ३० ला आठ, ४५ ला बारा, ६० ला सोळा. फोटो कितीही अंधुक असला तरी पट्टे मोजता आले की रुंदी हाती येते. पुढे चाकं टेकवायच्या जागेचे दोन जाड ठोकळे. धावपट्टी २४०० मीटर किंवा त्याहून लांब असली तर ते टोकापासून ४०० मीटरवर, १२०० ते २४०० च्या दरम्यान असली तर ३०० वर. मी फोटो दोन खुणांवर बसवतो आणि मग हे अंतर मोजतो. जुळलं तर पुढे जातो. जुळलं नाही तर फोटो उचलून पुन्हा अंथरतो. त्या वेळी माझ्यासमोर आबाच असतात, रानात उभे, कुणाचीही घाई न ऐकणारे.

बाकीचं ऋणही सांगितलं पाहिजे. ली स्वोर्डी यांनी एएफकॅड लिहिलं, जॉन मास्टरसन यांनी एअरपोर्ट डिझाइन एडिटर, लुईस सा यांनी एसबिल्डर, ज्यात फोटो अंथरून जमीन गिरवता येते. एक्स-प्लेन या सिम्युलेटरचं वर्ल्ड एडिटर फुकट मिळतं, आणि त्यात केलेला विमानतळ त्यांच्या सीनरी गेटवेवर दिला की तो सगळ्यांचा होतो. ही माणसं मला कधी भेटली नाहीत. त्यांनी आपल्या रात्री घालून केलेली अवजारं माकणीच्या पोराच्या हाती एक पैसा न घेता आली. माझं काम मीही तसंच देतो. फाइलसोबतच्या आभाराच्या मजकुरात या नावांच्या आधी एक ओळ असते: माकणीचे आबा, मोजणीदार.

त्यांच्या शेवटच्या काळात मी त्यांना स्वामित्व योजनेविषयी सांगितलं होतं. ड्रोनने गावठाणं मोजतात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत त्याचा पहिला प्रयोग झाला, कागदावर कधी न आलेल्या घरांना आता नकाशा मिळतो. ड्रोन उडायच्या आधी गल्लीत घरांच्या हद्दी चुन्याने आखून घेतात, हे ऐकल्यावर आबा उठून बसले. चुना कोण टाकतं, मालक समोर असतो का, शेजाऱ्याला बोलावतात का, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. मालक आणि शेजारी दोघं समोर असले पाहिजेत, यावर ते अडून बसले होते.

सध्या माझ्या पडद्यावर धाराशिवची धावपट्टी आहे. वेगवेगळ्या वर्षांचे फोटो मिळालेत आणि ते एकमेकांशी काही मीटरांनी जुळत नाहीत. आपला ड्रोन उडवून नवा फोटो घ्यावा असं मनात येतं, पण विमानतळाभोवती त्याला परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. कुंपणाबाहेरून रस्त्याचा कोपरा आणि एका पुलाची दोन्ही टोकं जीपीएसवर टिपून आणली आहेत. कोपरा आणि पुलाचं एक टोक बसलं. दुसरं टोक अजून दीड-दोन मीटर बाहेर जातंय, तोवर रेघ ओढलेली नाही.